खडीचा पट्टा

यंगदोच्या चढावर, पाच मजल्यांच्या डोक्यावर
प्यो बुन्रेबाईंची बाग आहे.
मासळीबाजारातून उचलून आणलेली थर्माकोलची अठ्ठावीस खोकी,
त्यांत लेट्यूस, पातीचा कांदा, केन्निपची रुंद पानं,
आणि हिरव्या रंगाच्या गच्चीवर
उन्हात पाठ शेकत बसलेले
सोयाबीनच्या लगद्याचे सहा रांजण.
खाली गोदी. जहाजांच्या पोटावर
दिवसभर वेल्डिंगची फुलं उमलतात नि विझतात.

मी गेले ती टेप नि खडू घेऊन.
म्हटलं, बाई, ही खोकी पेटतात.
"ओल्या भाजीला आग?" त्या हसल्या,
माझ्या हातात कांद्याची जुडी कोंबली.

थर्माकोल आधी वितळतो. मग गळतो.
थेंब थेंब, आणि प्रत्येक थेंब पेटलेला.
हे मी त्यांना सांगितलं.
दुकानातल्या त्या हलक्या काळ्या मातीबद्दलही सांगितलं,
जिच्यात तिसऱ्या मजल्यावरचा ग्वाक संगहो
रोज रात्री सिगारेट खुपसून जातो.
ज्वाळा नाही, आवाज नाही,
ती आतल्या आत धुमसते पहाटेपर्यंत.
एकदा दुसऱ्याच एका गच्चीवर
अशा कुंडीत मी बोट घातलं होतं.
अजून त्या नखाखाली ती सकाळ आहे.

घरी येऊन आराखडा काढला.
कठड्यालगत अर्धा मीटर नुसती खडी,
दाराभोवती खडी, धूर सोडणाऱ्या झडपेभोवती खडी,
बागेच्या मधोमध एक आडवा पट्टा,
तोही उघडा.
खोकी जाऊन पत्र्याचे वाफे, मातीत विटांचा चुरा,
काठाकाठानं जाड पानांची झुडपं,
पोटात पाणी धरून गप्प बसणारी.
मांस भाजायची शेगडी फरशीवर, वाऱ्याच्या आडोशाला,
रांजण जिथल्या तिथे.
(रांजणांना हात लावायची माझी छाती नव्हती.)

आणि दार.
पोरं वर येऊन पितात म्हणून त्याला कुलूप होतं,
किल्ली रखवालदाराच्या खिशात,
रखवालदार रविवारी मुलीकडे.
जिना धुरानं भरला की माणूस वरच धावतो.
आगीतून निघालेल्यानं फुफाट्यात पडू नये
एवढंच तर दाराचं काम.
मी कुलूप काढायला लावलं,
घंटा वाजली की आपोआप सुटणारी कडी बसवली.
त्यावर इमारतीची बैठक तीन तास चालली.

बुन्रेबाईंना कडीचं काही नव्हतं.
त्यांना खुपला तो पट्टा.
"हामयांगच्या डोंगरात," त्या म्हणाल्या,
"आईनं नि मी दगड वेचून वेचून शेत केलं.
आणि तू, शिकली-सवरलेली, दगड पेरतेस."
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम होता.
नियमाचा आकडा मी सांगितला.
त्यांनी तो ऐकला नाही.

ऑक्टोबरात तपासणीला गेले.
समुद्रावरून कोरडा वारा सुटलेला,
आणि आडव्या पट्ट्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
प्लास्टिकच्या चटईवर
लालभडक मिरच्या वाळत पडलेल्या.
"खडी तापते चांगली," बाई म्हणाल्या,
"दोन दिवसांत वाळतात. कशाला तरी आली उपयोगी."

मी चटईचं टोक उचललं.
खाली दगड काळे होते, तळहाताएवढे.
त्यापलीकडे वाफ्याचा कोपरा जळलेला,
पत्रा वाकलेला, माती राखाडी.
अलीकडच्या वाफ्यात मुळा हिरवागार,
एक पान पिवळं नाही.

"कधी?"
"झाले पंधरा दिवस. धूर दिसला, बादली ओतली."
"मला कळवलं नाहीत?"
"कळवलं असतं तर अजून दगड आणले असतेस."

ट्रक यायचे ते येत राहिले खाली गोदीत.
मी वहीत तारीख लिहिली, कोपऱ्याचं माप घेतलं,
मग चटईचं एक टोक धरून उभी राहिले.
बऱ्याच वेळानं, कुरकुरत,
एकही मिरची सांडू न देता,
त्यांनी दुसरं धरलं.